कुंदाताईंच्या खुर्चीमागे

"शरयू, तू माझ्या मागे उभी राहू नकोस."

कुंदाताईंनी हे मान न वळवता म्हटलं. डोक्यावर हेडफोन, एका हातात कॉर्ड, दुसऱ्या हातात पेन्सिल. समोर बोर्डावर दोन गिऱ्हाइकं ताटकळलेली. आधी त्यांना लाइन जोडून दिली आणि मग खुर्ची गर्रकन माझ्याकडे वळवली.

"मी सुपरवायझर आहे, कुंदाताई. बघणं माझं कामच आहे."

"मग बघ की. तिकडं टेबलाशी बसून बघ. मानेवर कुणाचा श्वास लागला की माझा हात चुकतो. आणि माझा हात चुकलेला मला चालत नाही."

शेजारच्या खुर्चीवर जैबुन मुल्ला बसली होती. ती खाली मान घालून ऐकत होती. बोर्डावर तिच्या बाजूला कॉल आल्याची झडप पडली, तरी तिचा हात पुढे होईना. कुंदाताईंनीच तिच्या पुढ्यातून हात घालून तो कॉल घेतला.

ही मोरवलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली गोष्ट. तेव्हा एका गावाहून दुसऱ्या गावाला बोलायचं तर ऑपरेटरकडे कॉल नोंदवावा लागे. ऑपरेटर भिंतीएवढ्या बोर्डापुढं बसून या भोकातली कॉर्ड त्या भोकात घालायची, तेव्हा कुठं माणसाला माणूस ऐकू यायचा. मी तिशी नुकती ओलांडलेली. खात्याची परीक्षा पास झाले आणि ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्या कुंदाताई रेग्यांचीच सुपरवायझर होऊन बसले. त्यांनी परीक्षेचा अर्जच केला नव्हता. "मला माणसं हाकायची नाहीत, मला कॉल लावायचेत," असं म्हणायच्या.

आमचे इंजिनिअर देवस्थळीसाहेब मात्र माणसं हाकण्याबद्दल अगदी ठाम होते. पहिल्याच दिवशी मला केबिनमध्ये बसवून म्हणाले, "बेंद्रेबाई, एक लक्षात ठेवा. सुपरवायझरला सगळ्या सारख्या. एकीला एक, दुसरीला दुसरं असं झालं की संपलं. प्रत्येकीच्या मागे जाऊन उभं राहायचं, चूक दिसली की तिथल्या तिथं सांगायचं."

साहेब सरळ माणूस होते. मला त्यांचं पटलंही होतं. म्हणून मी सगळ्यांच्या मागे सारखीच उभी राहत होते.

कुंदाताईंचा फणकारा ऐकल्यावर मी दोन-चार दिवस नुसतं टेबलाशी बसून बघितलं. कुंदाताईंचे हात बोर्डावर असे फिरत, जसे एखाद्या सुगरणीचे फिरतात; न बघता मिठाचा डबा सापडावा तसे. त्यांना कुणी काही सांगायची गरजच नव्हती. उलट सांगितलं की बिनसायचं. जैबुनचं अगदी उलटं. वीस वर्षांची पोर, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. आवाज गोड, अक्षर मोत्यासारखं, पण प्रत्येक गोष्टीला, "बाई, असं करू का? बाई, हा आधी घेऊ का तो?" मी लांब बसले की तिचे कॉल तुंबायचे. मग मी माझी खुर्ची उचलून तिच्या शेजारी नेली. काही बोलायचे नाही, नुसती बसायचे. अधूनमधून "हं, बरोबर," एवढंच. आठवड्याभरात तिचा हात मोकळा झाला.

आणि कुंदाताईंच्या वाऱ्यालाही मी उभी राहीनाशी झाले. पाळी संपताना फक्त विचारायचे, "काही अडचण?" त्या म्हणायच्या, "अडचण तू होतीस. आता काही नाही." आणि हसायच्या.

साहेबांना ते आवडलं नाही. "रेगेबाईंना तुम्ही मोकळं सोडलंय," ते म्हणाले. "आणि मुल्लाबाईंना कडेवर घेतलंय. हे बरोबर नाही."

"काम होतंय ना, साहेब?"

"आज होतंय," साहेब म्हणाले.

तरी मी मनातल्या मनात खूश होते. कुणाशी कसं वागायचं याची किल्ली आपल्याला सापडली, असं मला वाटत होतं.

त्या शनिवारी कुंदाताई सकाळी जरा उशिरा आल्या. त्यांची मुलगी अनघा नववीत होती. मुलींच्या शाळेची सहल त्या दिवशी घाटाखाली समुद्राकडे निघाली होती. कुंदाताई तिला गाडीत बसवून आल्या होत्या.

"लाल स्वेटर घातला नाही म्हणून भांडण," त्या हेडफोन चढवत म्हणाल्या. "मैत्रीण घालत नाही म्हणून ही घालणार नाही. शेवटी त्या हेमाला पण घालायला लावला, तेव्हा हिनं घातला. दोघी खिडकीसाठी भांडतच गेल्यात."

दुपारपर्यंत काही नव्हतं. शनिवार म्हणून व्यापाऱ्यांचे कॉल जास्त, एवढंच. मी टेबलाशी कागद बघत होते. जैबुनच्या बाजूला तळवडीची झडप पडली. तळवडी म्हणजे घाटाच्या पायथ्याचं गाव. तिथं लहानसं एक्स्चेंज होतं आणि सरकारी दवाखाना. आमच्याकडून तिथं एकच लाइन जायची.

जैबुननं कॉर्ड घातली, "हं, मोरवली," म्हणाली, आणि ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई..."

मी धावत जाऊन माझा हेडफोन तिच्या लाइनवर लावला. तळवडीचा ऑपरेटर बोलत होता. "...मोरवलीच्या शाळेची गाडी घाटात दरीत गेलीय. मुली आहेत. दवाखान्यात आणायला लागलेत. डॉक्टर एकटा आहे इथं. माणसं पाठवा, गाड्या पाठवा, कायतरी करा..."

कुंदाताई दोन हातांवर बसलेल्या. मुंबईचा कुठलासा कॉल जोडत होत्या. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं.

सांगायला तर हवंच होतं. आणि मीच सांगायला हवं होतं. मी त्यांच्याजवळ गेले, त्यांच्या कानावरचा हेडफोन थोडा बाजूला केला आणि सांगितलं. घोळवून सांगायला मला जमलं नाही.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हातातली कॉर्ड तशीच वर धरलेली.

महिनाभर मी त्यांना मोकळं सोडून सोडून हेच शिकले होते की कुंदाताईंचं कुंदाताईंना कळतं. मी म्हटलं, "तुम्हाला जायचं असेल तर जा, कुंदाताई. बसायचं असेल तर बसा. तुम्ही ठरवाल तसं."

त्यांनी परक्या मुलखातली भाषा ऐकावी तसं माझ्याकडे बघितलं. मग वळून कॉर्ड बोर्डात घातली, ती भलत्याच भोकात. बाहेर काढली. पुन्हा घातली, पुन्हा भलत्याच. इतक्या वर्षांत त्या हातांना असं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात बोर्डावरच्या झडपा पडायला लागल्या. एक, दोन, आणि मग पटापट. बातमी गावात पोहोचली होती.

मला एकदम कळलं की मी त्यांच्यापुढं एक प्रश्न ठेवलाय आणि या घडीला त्यांना प्रश्नच पेलवत नाहीये. जा म्हटलं तर कुठं जाणार? घाटात बाईमाणूस एकटी कशी पोहोचणार? घरी नवरा नाही. रेगे बदलीवर दूर होते. घरी जाऊन चार भिंतींत बसायचं? आणि इथं बसायचं तर कशाला, हे त्यांना त्या क्षणी सुचणं शक्य नव्हतं.

मी त्यांच्या खुर्चीमागे गेले. खुर्चीच्या पाठीला दोन्ही हात लावून उभी राहिले. आवाज चढवला.

"कुंदाताई, तळवडीची लाइन घ्या. जैबुन, तळवडी कुंदाताईंना दे. दवाखाना जोडून मागा. जोडला की लाइन सोडायची नाही, काही झालं तरी. कळलं?"

"हो," त्या म्हणाल्या.

"म्हणा, दवाखाना द्या."

"दवाखाना द्या," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता. कामाचा आवाज.

"बाई, आणि मी?" जैबुननं विचारलं. तिच्या पुढ्यात आता जवळजवळ सगळा बोर्ड पडलेला होता.

"बाकीचा बोर्ड तुझा."

"पण कुठला आधी..."

"मला विचारू नकोस, जैबुन. मी इथून हलू शकत नाही. तुला योग्य वाटेल ते कर. चुकलं तर मी आहे."

मग तिनं पदर खोचला.

पुढचं सगळं एका श्वासात झाल्यासारखं आठवतं. दवाखान्यात फोनवर एक कंपाउंडर होता. मी कुंदाताईंच्या कानाशी सांगायची, "विचारा, किती आणल्या." त्या विचारायच्या. "विचारा, काय काय लागतंय." त्या विचारायच्या. "नावं सांगा म्हणावं. जसजशी आणतील तशी." त्यांनी तेही विचारलं. तो एकेक नाव सांगायचा, कुंदाताई ते मोठ्यानं म्हणायच्या, मी जैबुनला सांगायची आणि जैबुन शाळेला. शाळेच्या आवारात आईबापांची ही गर्दी लोटली होती.

जैबुनकडे मला बघायला सवड नव्हती. पण कानावर पडत होतं. "नाही काका, आत्ता लाइन मिळणार नाही. तुमची नात गाडीत होती का? मग शाळेत जा, नावं तिथंच येतायत. फोन खाली ठेवा, लाइन मोकळी राहू द्या." दुसऱ्याला, "दूध संघ? तुमची जीप आत्ता घाटाकडं निघायला पाहिजे. कुणाला विचारायचं ते मग विचारा. वाटेत डॉक्टर शहांना उचला, ते दारात उभे असतील, मी त्यांना सांगितलंय." आणि मग, "अध्यक्षसाहेब, तुमचा मुंबईचा कॉल मी तोडलाय. जिल्ह्याच्या इस्पितळाला ती लाइन दिली. तक्रार करा माझी. जैबुन मुल्ला. लिहून घ्या."

बाजार समितीच्या अध्यक्षांचा कॉल तोडायची माझी स्वतःची छाती झाली नसती.

देवस्थळीसाहेब धापा टाकत आले. दारातच थबकले. मग माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "रेगेबाई इथं कशा? त्यांची मुलगी आहे त्यात!"

"माहीत आहे, साहेब."

"मग उठवा त्यांना! आई आहे ती. असल्या वेळी बोर्डावर बसवायचं, ही काय माणुसकी झाली? मी बसतो हवं तर."

"उठवलं तर त्या कोसळतील, साहेब. आत्ता त्या या कामाला धरून आहेत."

"आणि वाईट नाव त्यांच्याच कानावर आलं तर?"

"मी मागे उभी आहे," एवढंच म्हटलं.

साहेब थोडा वेळ घुटमळले आणि मग स्वतःच जाऊन बाहेरच्या दाराशी उभे राहिले. आत घुसू बघणाऱ्या माणसांना त्यांनी तिथंच समजावून थोपवलं. संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत. तेही कुणी सांगितलं नव्हतं.

नावं येत होती. सरिता, पायाला लागलंय. मंजिरी, ठीक आहे. एक शिक्षिका बेशुद्ध. ड्रायव्हर गेला. कुंदाताई एकाच पट्टीत म्हणत होत्या. आणि मग एका नावाला त्या मध्येच थांबल्या. मी माझ्या हेडफोनमधून ऐकलं होतं.

"हेमा," कुंदाताई म्हणाल्या. "हेमा गुजर."

कंपाउंडर पुढं म्हणाला होता, "ती आणली तेव्हाच गेलेली होती."

मी दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. त्यांचे खांदे लाकडासारखे ताठ झाले होते. जैबुननं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काय ते ओळखलं. तिनं मला काही विचारलं नाही. नुसती म्हणाली, "हे मी मुख्याध्यापिकांच्याच कानावर घालते. दुसऱ्या कुणाच्या नाही." आणि शाळेच्या लाइनवर हलक्या आवाजात म्हणाली, "फोन मोठ्या बाईंना द्या. फक्त त्यांना."

हेमाच्या शेजारी खिडकीशी कोण बसलं होतं, ते खोलीतल्या तिघींनाही ठाऊक होतं.

"पुढचं विचारा, कुंदाताई."

त्या बोर्डाकडेच बघत राहिल्या.

"अनघाचं नाव घेऊन विचारा."

त्यांनी मान हलवली. नाही. आत्तापर्यंत कंपाउंडरला त्यांनी आपण कोण ते सांगितलंच नव्हतं. विचारलं नाही तोवर काही झालेलं नव्हतं, असंच त्यांनी धरलं असावं.

मीही विचारू शकले असते. हेडफोन माझ्याही कानावर होता. पण ते त्यांच्याच तोंडून यायला हवं, असं मला आतून वाटलं. का, ते आजही नीट सांगता येणार नाही.

"कुंदाताई, मी सुपरवायझर म्हणून सांगतेय. विचारा."

त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. रागानं एकदा वळून माझ्याकडे बघितलं. तो माझ्या ओळखीचा राग होता. मग पुढं वळल्या.

"अनघा रेगे," त्या म्हणाल्या. "लाल स्वेटर. बघून सांगा."

"थांबा," कंपाउंडर म्हणाला. त्यानं फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पलीकडची गडबड, कुणाचं कण्हणं, भांड्यांचा आवाज. खुर्चीच्या पाठीवर माझी बोटं दुखायला लागली. जैबुनचा आवाजसुद्धा मध्येच थांबल्यासारखा झाला.

तो परत आला. "हाय हो. आत्ताच्या खेपेला आणलीया. हात मोडलाय, कपाळाला टाके पडतील. शुद्धीवर हाय. आई आई करतीया. तुम्ही कोण?"

कुंदाताईंनी डोळे मिटले. उघडले.

"ऑपरेटर," त्या म्हणाल्या. "पुढचं नाव सांगा."

त्यांनी आणखी दोन नावं घेतली. तिसऱ्या नावाला आवाज फुटला, तेव्हा मी त्यांच्या हातून कॉर्ड काढून घेतली आणि आमचे शिपाई बाजीराव यांना हाक मारली.

"आता उठा. चपला घाला. पाण्याचा तांब्या बरोबर घ्या. दूध संघाची दुसरी जीप निघतेय, पुढं ड्रायव्हरजवळ बसायचं. बाजीराव, यांना जीपमध्ये बसवून या. हात धरून न्या."

त्या उठल्या. चपला घातल्या. दारापर्यंत जाऊन परत वळल्या. "शरयू, पाकीट?"

"पाकीट लागणार नाही. जा."

त्या गेल्या. दाराशी साहेबांनी हात जोडले. त्यांनी ते पाहिलं की नाही, कोण जाणे.

अनघाचा हात बरा झाला. कपाळावरचा व्रण मात्र राहिला. पुढं हेमाच्या आईकडे ती रोज संध्याकाळी जाऊन बसायची, लग्न होईपर्यंत.

कुंदाताई महिनाभरानं कामावर आल्या. त्यावर कधी बोलल्या नाहीत. एकदाच, दोघी डबा खात असताना, मध्येच म्हणाल्या, "त्या दिवशी तू पहिल्यांदा काय म्हणालीस आठवतं? तुम्ही ठरवाल तसं."

"आठवतं."

"तेव्हा वाटलं, हिनंही हात सोडला." त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "मग तू माझ्यावर ओरडायला लागलीस. इतका राग आला तुझा! त्या रागाला धरूनच मी त्या खुर्चीवर बसून राहिले."

मी म्हटलं, "आणि मी असं कायमच करत राहिले तर?"

"तर मी बदली मागेन," त्या म्हणाल्या, आणि लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवली.

पण हे पुष्कळ नंतरचं. त्या संध्याकाळी, जीप गेल्यावर, बोर्ड हळूहळू शांत झाला. सगळ्या मुलींचा पत्ता लागला होता. पुढच्या पाळीच्या दोघी धावतच आल्या होत्या. देवस्थळीसाहेब बाहेर कुणाशी तरी बोलत होते. आणि मी मात्र थांबत नव्हते. या खुर्चीवरून त्या खुर्चीकडे, टेबलाशी, पुन्हा बोर्डाशी. नव्या पाळीच्या मुलींना एकच गोष्ट तीनतीनदा सांगत होते. शाळेला पुन्हा विचारा, तळवडीला पुन्हा विचारा.

जैबुननं हेडफोन काढला. केसांवरून हात फिरवला. कोपऱ्यातल्या स्टोव्हवरचं भांडं उतरवून एका कपात चहा ओतला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, खाली बसा."

"अगं, थांब, तळवडीला अजून एकदा..."

"तळवडीला मी विचारलंय. सगळं झालंय." तिनं माझ्या खांद्याला धरून खुर्चीकडे वळवलं. आवाजात मऊपणा होता, पण पळवाट नव्हती. "बसा. हा चहा संपवायचा. मग बाजीराव तुम्हाला घरी सोडतील. जेवायचं, झोपायचं. बोर्ड आता तुम्ही बघायचा नाही."

मी तिच्याकडे बघितलं. काय करायचं ते कुणीतरी सांगितलं, याचंच अंगभर बरं वाटलं.

मी बसले. कप दोन्ही हातांनी धरला आणि तिनं सांगितलं तसा, शेवटच्या घोटापर्यंत चहा प्याले.